शंभर रुपयांची कपात सूचना

२०२५ सालच्या १ फेब्रुवारीला शनिवार होता. सुट्टीसारखाच दिवस, तरी सकाळी अकरा वाजता आमच्या कॉलेजच्या मोठ्या वर्गात सत्तरेक मुलं जमली होती. भिंतीवर प्रोजेक्टरनं लोकसभा दिसत होती आणि निर्मला सीतारामन आपला सलग आठवा अर्थसंकल्प मांडत होत्या. भाषण सव्वा तासाचं. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे वाक्य आलं तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. मी मागच्या बाकावर होते. त्या वर्गातल्या मुलांचे आईवडील म्हणजे कोरेगावकडचे आल्याचे शेतकरी, एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, पोवई नाक्यावरचे रिक्षावाले, गावोगावच्या अंगणवाडी सेविका. आयकर भरणारं घर सत्तरात एखादं असेल. भाषण संपलं तशी मुलं दप्तरं उचलायला लागली. ‘झालं बजेट’, एकजण म्हणाला.

‘झालं नाही, आज सुरू झालं,’ मी म्हणाले.

मी साताऱ्यात राज्यशास्त्र शिकवते. संविधानातली ११२ ते ११७ ही कलमं दोन तासांत उरकायची, मुलांनी ती पाठ करायची आणि परीक्षेत पाच गुणांची टीप लिहायची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. कॉलेजांमधल्या युवा संसदेच्या स्पर्धांना मी परीक्षक म्हणून गेले आहे. तिथं प्रश्नोत्तरं होतात, गोंधळ होतो, सभात्याग तर हमखास होतो. देशाच्या तिजोरीतून पैसा काढायला संसदेची परवानगी कशी घेतात, हे मात्र मी एकाही स्पर्धेत पाहिलं नाही. संसद जन्माला आली ती मुळात या कामासाठी. म्हणून त्या वर्षी ठरवलं होतं की १ फेब्रुवारी ते ३१ मार्च हा सगळा प्रवास दिल्लीच्या बरोबरीनं, दर शनिवारी, आपल्या वर्गात करायचा. आकडे खरे, कागद खरे, नियम खरे. फक्त माणसं आपली.

चिठ्ठ्या टाकून सत्ताधारी आणि विरोधक ठरवले. कराडचा एक मुलगा अर्थमंत्री झाला, वाईची एक मुलगी लोकसभेची अध्यक्ष. आणि माण तालुक्यातली एक मुलगी विरोधी बाकावर आली. बोलायला बुजरी, पण वहीत सगळं लिहून घेणारी. या लेखात पुढं तीच येणार आहे.

पहिल्या शनिवारी कराडच्या मुलाला मी यशवंतरावांबद्दल सांगितलं. देवराष्ट्र्यात जन्मलेला, कराडात वाढलेला आणि साताऱ्यातून लोकसभेवर गेलेला माणूस १९७० ते १९७४ या काळात देशाचा अर्थमंत्री होता, हे त्या वर्गात बहुतेकांना माहीत नव्हतं. यशवंतराव म्हणजे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि ‘सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला’, एवढंच त्यांच्या कानावर होतं. १९७३-७४ चा त्यांचा अर्थसंकल्प ५५० कोटींच्या तुटीमुळं ‘काळा अर्थसंकल्प’ म्हणून ओळखला जातो. तुटीला कारणं बरीच होती, त्यात बहात्तरचा दुष्काळही होता. बहात्तर म्हटल्यावर माणची मुलगी पहिल्यांदा बोलली. तिची आजी त्या साली खडी फोडायला जात होती आणि सुकडी खाऊन दिवस काढत होती. आजीची खडी आणि दिल्लीतली तूट एकाच काळातली आहेत, हे कळल्यावर वर्ग थोडा शांत झाला. मला तो क्षण फार मोलाचा वाटला, कारण तोवर अर्थसंकल्प त्यांच्यासाठी टीव्हीवरचा होता.

दुसऱ्या शनिवारी सर्वसाधारण चर्चा घेतली. यात मतदान नसतं. धोरणावर बोलायचं, शेवटी अर्थमंत्री उत्तर देतो आणि विषय पुढं सरकतो. मुलं जोरात बोलली. रेल्वेवर जास्तच. लोणंदपासून फलटणला गाडी आली, फलटण-बारामतीचं काय, असा प्रश्न तीन जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला. रेल्वेचा अर्थसंकल्प १९२४ पासून वेगळा मांडला जायचा आणि २०१७ मध्ये तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळला, हे मी मध्येच सांगितलं, पण ऐकायला कोणी फारसं तयार नव्हतं. त्याच वर्षापासून अर्थसंकल्पाची तारीखही फेब्रुवारीच्या अखेरीहून १ फेब्रुवारीवर आली, ती यासाठी की ३१ मार्चच्या आत सगळ्या मंजुऱ्या व्हाव्यात आणि नव्या वर्षाचा पैसा १ एप्रिलपासून हाती यावा. पूर्वी हे काम मे महिन्यापर्यंत लांबायचं आणि मधल्या काळासाठी लेखानुदान, म्हणजे खर्चाची तात्पुरती मंजुरी, घ्यावं लागायचं.

खरं काम तिसऱ्या शनिवारी सुरू झालं. मी मागण्यांचे कागद छापून आणले होते. केंद्राच्या अनुदान मागण्या, म्हणजे खात्यांनी खर्चासाठी संसदेकडं मागितलेल्या रकमा, साधारण शंभर असतात, प्रत्येक खात्याची आपापली. क्रमांक १ ची मागणी कृषी व शेतकरी कल्याण विभागाची. ही गोष्ट मुलांना फार आवडली. कागद वाचायला शिकवायलाच दोन तास गेले. चार रकाने असतात. चालू वर्षाच्या आदल्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला तो पहिला. चालू वर्षासाठी मुळात किती ठरवलं होतं तो दुसरा. चालू वर्षाचा सुधारलेला अंदाज तिसरा. आणि येत्या वर्षी किती मागताहेत तो चौथा. भाषणात ऐकू येतो तो फक्त चौथा. गंमत बाकीच्या तिघांशी त्याची तुलना करण्यात आहे, आणि ती तुलना करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. वजाबाकी आली की पुरे.

आणखी एक फरक त्या दिवशी सांगावा लागला. सगळ्या खर्चावर मतदान होत नाही. काही खर्च ‘भारित’ असतो, म्हणजे तो थेट संचित निधीवर, सरकारच्या मुख्य तिजोरीवर, टाकलेला असतो. त्यावर चर्चा करता येते, मत देता येत नाही. राष्ट्रपतींचं वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं वेतन, महालेखापरीक्षकांचं वेतन आणि सरकारनं काढलेल्या कर्जावरचं व्याज. २०२५-२६ चा एकूण खर्च ५०,६५,३४५ कोटी रुपये मांडला होता आणि त्यात व्याजाचे १२,७६,३३८ कोटी. दर चार रुपयांतला एक रुपया कुणी हात वर करण्याआधीच गेलेला. ‘मंग आपण कशावर मत देतोय?’ मागून प्रश्न आला. उरलेल्यावर, मी म्हणाले. ते ‘दत्तमत’.

माणची मुलगी क्रमांक १ चा कागद घेऊन घरी गेली. सोमवारी सकाळी स्टाफरूमच्या दारात उभी. वहीत तीन आकडे लिहिले होते. पंतप्रधान पीक विमा योजना. चालू वर्षाचा मूळ अंदाज १४,६०० कोटी, सुधारलेला अंदाज १५,८६४ कोटी, येत्या वर्षासाठी मागितलेले १२,२४२ कोटी.

‘मॅडम, ह्ये छापताना चुकलंय का?’

चुकलेलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. त्या विभागाची एकूण मागणी १,२७,२९० कोटींची आणि त्यातले जवळजवळ निम्मे, ६३,५०० कोटी, पीएम-किसानला. विम्याचा आकडा मात्र खाली आलेला. तिला हा आकडा का टोचला, ते तिनं नंतर सांगितलं. आदल्या खरिपात वडलांचा कांदा पावसानं रानातच सडला होता. महाराष्ट्रात तेव्हा एक रुपयात पीक विमा होता, शेतकऱ्याचा बाकीचा हिस्सा राज्य सरकार भरायचं आणि त्यावरच्या हप्त्याचं अनुदान केंद्र आणि राज्य निम्मं निम्मं उचलायचं. नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांत कळवायचं, असा नियम होता. त्यांच्या वाडीवर रेंज येत नाही. ॲपवर फोटो चढेपर्यंत चौथा दिवस उजाडला होता.

मी तिला कृषीविषयक स्थायी समितीत घातलं.

विभागवार स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. सुरुवातीला सतरा होत्या, २००४ पासून चोवीस. प्रत्येकीत लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा सदस्य. अर्थसंकल्प मांडल्यानंतर सभागृहाला सुट्टी मिळते, ती या समित्यांना मागण्यांची छाननी करता यावी म्हणून. त्या वर्षी १३ फेब्रुवारीपासून १० मार्चपर्यंत ही सुट्टी होती. बैठका बंद दाराआड होतात, मंत्री सदस्य नसतो आणि पक्षाचा व्हीप चालत नाही. माझ्या मते संसदेतलं सगळ्यात शहाणं काम या खोल्यांमध्ये होतं. कॅमेरा नसल्यामुळं तिथं कुणाला ओरडावं लागत नाही.

आमची समिती नऊ जणांची होती. विभागाचे सचिव म्हणून साक्षीला मी आमच्या शेजारच्या काकांना बोलावलं. ते कोषागारातून निवृत्त झालेत. राज्याच्या तिजोरीवर तीस-बत्तीस वर्षं घालवलेला माणूस, अंदाजपत्रक खालून कसं वर जातं ते त्यांना पाठ. ऑगस्ट-सप्टेंबरात परिपत्रक निघतं, प्रत्येक कार्यालय आपले अंदाज पाठवतं, वरचा अधिकारी कापतो, मंत्रालय आणखी कापतं. ‘मागितलेलं मिळतं असं कधीच नाही, म्हणून जास्त मागायची सवय लागते. आणि जास्त मागतात म्हणून कापायची सवय लागते,’ ते म्हणाले. मार्चअखेरीचं वर्णन त्यांनी इतकं जिवंत केलं की मुलं पुढं सरकून बसली. न खर्चलेला पैसा ३१ मार्चला परत जातो, म्हणून शेवटच्या दिवशी देयकांचे गठ्ठे घेऊन रात्री बारापर्यंत खिडकीवर माणसं. पुढं ‘बीम्स’ ही निधीवाटपाची ऑनलाइन प्रणाली आली, गठ्ठे कमी झाले, गर्दी मात्र संगणकात शिरली.

मग माणच्या मुलीनं वही उघडली. आवाज कापत होता. ‘साहेब, चालू वर्षी चौदा हजार सहाशे कोटी पुरले नाहीत, म्हणून पंधरा हजार आठशे चौसष्ट केले. मग पुढच्या वर्षी बारा हजार दोनशे बेचाळीसमध्ये कसं भागवणार? का पुन्हा पुरवणी मागणी आणणार?’

काका गप्प बसले. मग खुर्चीत नीट सरळ होत म्हणाले, ‘बाळ, हा प्रश्न मला नोकरीत कुणी विचारला नाही.’ आणि सचिवाच्या भूमिकेत शिरून त्यांनी जमेल तसं उत्तर दिलं. विम्याचा हप्ता निविदेतल्या दरावर ठरतो, किती राज्यं योजनेत आहेत त्यावर ठरतो, राज्यानं आपला वाटा दिल्याशिवाय केंद्राचा सुटत नाही, त्यामुळं अंदाज हलतो. तिनं सगळं लिहून घेतलं. समितीच्या अहवालात पहिली शिफारस तिची होती: तरतूद मागच्या सुधारित अंदाजापेक्षा कमी का, याचा खुलासा विभागानं करावा. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. हेही मला तिला सांगावं लागलं, आणि सांगताना जड गेलं.

मार्च उजाडला. कपात सूचनांचा शनिवार आला. तो तास मी कधी विसरणार नाही.

तिनं सूचना लिहून आणली होती: पीक विम्याची तरतूद १६,००० कोटी करावी. मला ती परत करावी लागली. लोकसभेला तीनच गोष्टी करता येतात. मागणी मान्य करणं, नाकारणं किंवा कमी करून मान्य करणं. वाढवता येत नाही. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय कुठलीही मागणी मांडताच येत नाही, आणि ती शिफारस म्हणजे सरकारचीच. एक रुपयाही वाढवण्याचा अधिकार खासदाराला नाही.

‘मग मी काय करायचं?’

कपात सूचना तीन तऱ्हेच्या असतात. सरकारचं धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणावी, असं म्हणायचं. काटकसर हवी असेल तर नेमकी रक्कम सांगून तेवढी कमी करावी, असं म्हणायचं. आणि एखादं गाऱ्हाणं मांडायचं असेल तर मागणी शंभर रुपयांनी कमी करावी, असं म्हणायचं. ही लाक्षणिक कपात. तुझं गाऱ्हाणं आहे, तू शंभर रुपये लिही.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आता ही वर्ग सोडून जाणार. ‘कमी हाय म्हणून सांगायला आणखी कमी करा म्हणायचं, मॅडम?’

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी खडू खाली ठेवला. हे उलटं वाटतं, पण त्यात जीव आहे, असं मी सांगायचा प्रयत्न केला. सरकारनं मागितलेल्या पैशातला शंभराचा तुकडाही सभागृहानं कापला, तर याचा अर्थ सभागृहाचा त्या सरकारवर विश्वास राहिला नाही. सरकारला जावं लागतं. एक लाख सत्तावीस हजार कोटींपुढं शंभर रुपये म्हणजे काहीच नाहीत, आणि तरी ते मंजूर होऊ नयेत म्हणून सत्ताधारी पक्ष आपल्या प्रत्येक खासदाराला हजर ठेवतो. एप्रिल २०१० मध्ये इंधन आणि खतांच्या दरवाढीवर विरोधकांनी अशा सूचना आणल्या, तेव्हा २०१ विरुद्ध २८९ मतांनी सरकार तरलं. देशभर त्या मोजणीकडं डोळे लागले होते.

तिनं नवा कागद घेतला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘कृषी व शेतकरी कल्याण विभाग या शीर्षाखालील मागणी १०० रुपयांनी कमी करण्यात यावी. पीक विम्याची तरतूद मागील सुधारित अंदाजाएवढीही ठेवण्यात आलेले अपयश.’ सूचना एकाच विषयावर हवी, भाषा स्पष्ट हवी, वाद घालणारी नको, भारित खर्चाबद्दल नको. सगळ्या अटी तिनं पाळल्या होत्या. अध्यक्ष झालेल्या वाईच्या मुलीनं ती दाखल करून घेतली.

इथं माझी चूक झाली. कोणत्या मागणीला किती वेळ द्यायचा, ते कामकाज सल्लागार समिती ठरवते. आमच्याकडं ते मी आणि दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी एका मधल्या सुट्टीत ठरवलं. एका दिवसात सगळ्या मागण्या होणं शक्य नव्हतं, म्हणून तीन निवडल्या: रेल्वे, गृह आणि कृषी, याच क्रमानं. रेल्वे आणि गृह यावर मुलं हमरीतुमरीवर यायला उत्सुक होती. कृषी शेवटी ठेवली, कारण ‘तिची तयारी सगळ्यात चांगली आहे, ती शेवटी उठली तर बरं दिसेल’, असं मीच म्हणाले होते.

२२ मार्चचा शनिवार. सभागृह आम्हाला संध्याकाळी सहापर्यंत मिळालं होतं. दुपारी चारला निरोप आला की पाचला रिकामं करा, एका सत्काराच्या कार्यक्रमाची मांडामांड करायची आहे. रेल्वे तेव्हा नुकती संपली होती. गृह सुरू झालं. मंत्र्यांचं उत्तर लांबलं, विरोधक दोनदा उभे राहिले, अध्यक्षांनी दोनदा शांत केलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना मी अध्यक्षांना खूण केली. गिलोटिन.

ठरलेल्या दिवशी ठरलेली वेळ झाली की उरलेल्या सगळ्या मागण्या, चर्चा झालेली असो वा नसो, एकदम मताला टाकतात, त्याला हे नाव आहे. वाईच्या मुलीनं नियमाप्रमाणं वाचून दाखवलं. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. होय! प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. विरोधकांचा आवाज निम्मा, कारण त्यांनाही कळेना की काय चाललंय. होयचे बहुमत, होयचे बहुमत, मागण्या संमत. शंभराच्या जवळपास मागण्या, आणि मी घड्याळात पाहिलं तर चार मिनिटं लागली होती. खुर्च्या हलायला लागल्या. बाहेर फुलांचे हार घेऊन माणसं उभी होती.

ती तिच्या जागेवरच बसून होती. कागद हातात. मी जवळ गेले तशी म्हणाली, ‘मॅडम, माझे शंभर रुपये कुठं गेले?’

मी तिला तिथं एक गोष्ट सांगितली, जी मी फार वर्षं अभ्यासक्रमातला तपशील म्हणून सांगत आले होते. आदल्याच दिवशी, २१ मार्चला, दिल्लीतही उरलेल्या मागण्या अशाच मंजूर झाल्या होत्या. मार्च २०१८ मध्ये एकाही खात्याच्या मागणीवर लोकसभेत चर्चा झाली नाही, सगळ्या गिलोटिनखाली गेल्या. मार्च २०२३ मध्येही तेच झालं, गोंधळात. तयारी करून आलेला एखादा खासदार, त्याचा असाच एखादा कागद, दर वर्षी तिथं असेल. मी हे तिला धीर द्यायला सांगत होते. सांगता सांगता मलाच ते अंगावर आलं. मंत्र्यांच्या भाषणाला देश टीव्हीपुढं बसतो. आणि ज्या दिवशी त्या भाषणातल्या पैशाला हो म्हणायचं की नाही हे ठरतं, त्या दिवशी बातमीसुद्धा धड होत नाही. वर्गात मी त्याला ‘प्रक्रिया’ म्हणत होते. आणि आज माझ्या एका खुणेनं तीच गोष्ट मी एका मुलीशी केली होती.

रविवारी मी तिला फोन केला नाही. काय बोलावं, सुचेना.

मंगळवारी ती आली. हातात लोकसभेच्या कार्यपद्धतीचे नियम, ग्रंथालयाची प्रत, मध्ये एसटीचं तिकीट खुणेला. नियम २१८. मागण्या मंजूर झाल्या तरी पैसा लगेच काढता येत नाही. त्यासाठी विनियोजन विधेयक लागतं, आणि ते आमच्याकडं अजून बाकी होतं. दिल्लीत ते गिलोटिनपाठोपाठच उरकतात. आमचं सभागृह गेल्यामुळं ते २९ तारखेवर ढकललं होतं. त्या विधेयकात रक्कम बदलणारी दुरुस्ती सुचवता येत नाही. पण चर्चा होऊ शकते, आणि ती फक्त अशा सार्वजनिक महत्त्वाच्या बाबींवर, ज्या मागण्यांच्या वेळी उपस्थित झालेल्या नाहीत.

‘माझी उपस्थित झाली न्हाई,’ ती म्हणाली. ‘म्हणजे मला बोलता येतंय.’

आगाऊ कळवण्याची चिठ्ठी तिनं अध्यक्षांच्या नावानं लिहूनही आणली होती. हा नियम मी शिकवला नव्हता. खरं सांगायचं तर तो मी स्वतः कधी नीट वाचला नव्हता.

२९ मार्च. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. मोती चौकात साखरेच्या गाठींच्या माळा लटकत होत्या आणि निम्मा वर्ग गावी पळायच्या घाईत. तरी एकेचाळीस जण आले. काका आले, प्रेक्षक गॅलरी म्हणून ठेवलेल्या दोन बाकांपैकी एकावर बसले. अर्थमंत्र्यानं विधेयक मांडलं. अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं.

ती नऊ मिनिटं बोलली. सुरुवातीला कागदातून, मग कागद खाली ठेवून. आधी तीन आकडे सांगितले आणि ते फळ्यावर लिहायची परवानगी मागितली. अध्यक्षांनी नियमात बसत नाही म्हणून नाकारली, तेव्हा तिनं ते पुन्हा एकदा सावकाश म्हटले. मग बहात्तर तासांचा नियम. मग रेंज. ‘कांदा सडायला दोन दिवस लागतात, अध्यक्ष महोदय, आणि आमच्या वाडीवरनं फोटो जायला चार.’ वडलांचं नाव घेतलं नाही, कुठल्या कंपनीचंही नाही. सभागृहात नसलेल्यावर आरोप करायचा नसतो, हे तिला माहीत होतं. शेवटी तिनं विचारलं, की समितीनं खुलासा मागितला होता, तो सभागृहात आला का?

अर्थमंत्री उठला. त्याच्याकडं टिपण होतं, ते त्यानं उघडलं, मिटलं. ‘सन्माननीय सदस्यांनी मांडलेले आकडे बरोबर आहेत,’ तो म्हणाला. ‘खुलासा आलेला नाही. तो यायला पाहिजे होता.’ हे त्याच्या टिपणात नव्हतं. सत्ताधारी बाकावरून कुणीतरी त्याचा सदरा ओढला.

मतदान झालं. होयचे बहुमत. विधेयक संमत. ‘नाही’ म्हणणाऱ्यांत तिचा आवाज वेगळा ऐकू आला. पुढं करांविषयीचं वित्त विधेयक झालं, त्यावर दुचाकीच्या जीएसटीवरून बरीच बोलाबोली झाली, जरी जीएसटीचे दर तिथं ठरत नाहीत, परिषदेत ठरतात. राज्यसभा म्हणून बसवलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना चौदा दिवसांची मुदत होती. त्यांना मागण्यांवर मत देता येत नाही, धन विधेयक बदलता येत नाही, फक्त शिफारशी करून परत पाठवता येतं. त्यांनी ते त्याच संध्याकाळी परत केलं.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, कपात सूचनेचा तो कागद मला परत द्याल का, घरी दाखवायचाय. अध्यक्षांच्या फाइलीतून मी तो काढला, झेरॉक्स काढून फाइलीत ठेवली आणि मूळ तिला दिला. साडेपाचच्या दहिवडी गाडीनं ती गेली.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात भेटली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले वडील?

‘वाचला त्यांनी. दोनदा वाचला. मग म्हणाले, आगं, आपल्याला आधीच मिळंना, आन् तू त्यांना आणखी शंभर रुपयं कमी कराय सांगतीस व्हय?’

‘मग?’

‘मग मी बसले समजवत. रात्रीचे अकरा वाजले, मॅडम. आजीपण जागी होती.’